आमच्या अंगणातील टूरिंग मोटार

भगिनींनो, आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाची आणि तीत प्रत्येकीने जुन्या काळाविषयी काही तरी लिहावयाचे, असे बैठकीत ठरले. तेव्हा कोणी पाणवठ्याचा विषय घेतला, कोणी जात्यावरच्या दळणाचा, कोणी जुन्या लग्नसोहळ्यांचा. माझ्या वाट्याला काहीच उरले नाही. चिटणीसबाई हसून म्हणाल्या, "अहो, तुमच्या अंगणात शंभर वर्षांची म्हातारी उभी आहे, तिच्याविषयी लिहा की!"

ही म्हातारी म्हणजे आमच्या ह्यांनी विकत आणलेली जुनी टूरिंग मोटार. मला लेखनाचा सराव नाही आणि यंत्रांचे ज्ञान तर त्याहून नाही. परंतु तीन वर्षे ही मोटार माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभी होती. तिच्या प्रत्येक खिळ्याचा हिशोब माझ्या वहीत आहे. तेवढ्या अधिकारावर हे चार शब्द लिहीत आहे.

प्रथम खरे ते सांगून टाकते. मोटार दारात आली त्या दिवशी मी ह्यांच्याशी बोलले नाही. हे कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा हाती आलेल्या पैशातून स्वयंपाकघरावर स्लॅब टाकावयाचा, असे आमचे ठरले होते. पावसाळ्यात चुलीशेजारी पातेली मांडून ठेवण्याचा मला कंटाळा आला होता. आणि एका सकाळी पाहते तो, टेंपोवरून दोरखंडांनी बांधलेला गंजका सांगाडा उतरत आहे! चाके मोडलेली, टपाच्या चिंध्या झालेल्या, आसनांत उंदरांनी संसार मांडलेला. परजिल्ह्यातील एका जुन्या वाड्याच्या गोठ्यात ती कित्येक वर्षे कडब्याखाली पडून होती. हे मात्र लेकीला सासरहून आणल्यासारखे तिच्याभोवती फिरत होते. मी म्हटले, "हिला ठेवायची कुठे?" हे म्हणाले, "स्लॅबखाली." मला हसू आले नाही.

राग ओसरल्यावर मात्र मला कुतूहल वाटू लागले. ही वस्तू कोठली, कोणी केली, आमच्यासारख्यांच्या गावी कशी आली, हे विचारीत गेले आणि वाचीत गेले. त्यातून जे कळले ते मोठे मौजेचे आहे.

टूरिंग मोटार म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगावे लागेल. चार-पाच माणसे बसतील अशी उघडी गाडी, वर घडी होणारा कापडी टप, आणि खिडक्यांना काचा नाहीत. पाऊस आला की बाजूंना पडदे लावावयाचे आणि त्या पडद्यांत सेल्युलॉइडचे तुकडे शिवलेले, त्यांतून बाहेरचे अंधुक दिसावयाचे. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बहुतेक मोटारी अशाच असत. चोहोबाजूंनी बंद असलेली मोटार ही तेव्हा श्रीमंतांची चैन होती.

आमची मोटार फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी', १९२४ सालच्या सुमाराची. हेन्री फोर्ड यांनी हा नमुना १९०८ साली अमेरिकेत बाजारात आणला आणि १९२७ पर्यंत तोच चालू ठेवला. तेवढ्या काळात अशा दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. १९१३ साली त्यांनी कारखान्यात नवी युक्ती केली. कामगारांनी गाडीकडे जावयाचे नाही, गाडीच सरकत सरकत कामगारांपुढे यावयाची. प्रत्येकाने आपले एकच काम करावयाचे. लग्नघरी शंभर पोळ्या करावयाच्या असल्या म्हणजे एकीने गोळे करावे, दुसरीने लाटावे, तिसरीने भाजावे, असे आपण करतोच की! या रीतीने काम झपाट्याने होऊ लागले आणि प्रथम ८५० डॉलर किंमत असलेली टूरिंग मोटार १९२५ च्या सुमारास २९० डॉलरला मिळू लागली. १९१४ पासून १९२५ पर्यंत ही गाडी फक्त काळ्या रंगात निघत असे. आमचीही काळीच आहे.

हिंदुस्थानात येणाऱ्या फोर्ड गाड्या बहुधा कॅनडातील कारखान्याच्या. कारण इंग्रजी अंमलाखालील देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या अंगाने चालत, आणि त्यासाठी लागणारी उजव्या हाताच्या सुकाणूची मोटार कॅनडाची कंपनी पुरवीत असे. मुंबईत पहिल्या मोटारी आल्या त्या १८९८ साली. पुढे १९२६ मध्ये फोर्ड कंपनीने हिंदुस्थानात आपली शाखा काढली आणि १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईला शिवडी येथे सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्याचा कारखाना उघडला. या दोन्ही परदेशी कंपन्यांनी स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच येथील काम आवरले. १९४४ साली आपल्याकडच्या एका माणसानेही या धंद्यात पाऊल टाकले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी तेव्हा प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. आज आपल्या गावाहून नगरच्या दिशेला रांजणगावी मोटारींचा प्रचंड कारखाना आहे आणि सणसवाडीच्या शिवारात ज्वारीच्या ताटांऐवजी कारखान्यांची धुराडी दिसतात. आपल्या मुलांना यात नवल वाटत नाही. परंतु या सर्वांच्या आधी या रस्त्याने ज्या मोटारी गेल्या त्या आमच्या अंगणातल्या म्हातारीच्या बहिणी होत.

मोटार आली तरी रस्ता हवाच. बैलगाडीच्या लोखंडी धावांनी खडीचे रस्ते उखडत आणि मोटारीच्या वेगाने धुळीचे लोट उठत. रस्त्यांना पैसा कोठून आणावा याचा विचार करण्यासाठी १९२७ साली एक समिती नेमण्यात आली. तिचे अध्यक्ष आपलेच मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांवरच खर्च करावा, असे या समितीने सुचविले आणि १९२९ साली त्यासाठी वेगळा रस्ते निधी निघाला. मोटार चालविणाऱ्याने रस्त्याचे पैसे द्यावेत हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे.

पुणे-नगर रस्ता म्हणजे आपल्या गावाची शीरच. एका बाजूला कोरेगाव भीमा, दुसऱ्या बाजूला शिक्रापूर, मध्ये आपण. या रस्त्यावर एस. टी. सुरू होण्यापूर्वी खाजगी सर्व्हिस मोटारी धावत. काही जुन्या ट्रकवर लाकडी खोके बसवून केलेल्या, तर काही आमच्या मोटारीसारख्या टपाच्या. पाच माणसांच्या गाडीत दहा-अकरा कोंबावयाची, दोघे-तिघे पायफळीवर उभे राहावयाचे. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले तेव्हा कित्येक गाड्यांच्या मागे कोळशाची भट्टी बसविण्यात आली. तिच्या वायूवर त्या धापा टाकीत चालत. हे सर्व आमचे हे मोठ्या रंगात येऊन सांगत असत. ऐकणाऱ्यांनाही त्यात गंमत वाटे. फक्त एक व्यक्ती तेथून उठून जाई, ती म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्याविषयी पुढे सांगेन.

आता दुरुस्तीचे. इंजिन इतके अडकले होते की हँडल मारले तरी जागचे हलेना. गावातील एका वयस्क मिस्त्रींनी सल्ला दिला की घाई करू नका. त्यांनी चारही सिलिंडरांत रॉकेल आणि डिझेल यांचे मिश्रण ओतून ठेवले. रोज सकाळी पूजा झाल्यावर हे हँडलवर थोडा जोर देऊन पाहत. सुमारे दीड महिन्याने एके दिवशी हँडल बोटभर फिरले. त्या दिवशी हे जेवताना दोनदा भात मागून घेऊ लागले, तेव्हाच मी ओळखले की काही तरी घडले आहे.

इंजिन उघडल्यावर मला नवल वाटले ते त्याच्या साधेपणाचे. चार सिलिंडर, सुमारे वीस अश्वशक्ती. पाणी फिरविण्यास पंप नाही. गरम पाणी आपोआप वर चढते व निवलेले खाली उतरते, बस्स. पेट्रोलची टाकी पुढच्या आसनाखाली. किती पेट्रोल उरले हे पाहावयाचे तर माणसांनी उठावयाचे, गादी उचलावयाची आणि टाकीत काठी बुडवावयाची. शिवाय पेट्रोल इंजिनाकडे केवळ उतारानेच जाते. त्यामुळे चढ फार उभा असला आणि टाकीत पेट्रोल थोडे असले तर गाडी उलटी करून, मागे मागे चढवावी लागे! पायाशी तीन पट्ट्या आहेत, पण त्या आजच्या गाडीच्या नव्हेत. डावी दाबली की गाडी हळू चालीने निघते, मधली दाबली की मागे जाते, उजवी दाबली की थांबते. वेग कमीजास्त करावयाचा तो सुकाणूखालच्या दांडीने, हातानेच. या पट्ट्यांनी आतील ढोलांवर जे पट्टे आवळले जातात त्यांना सुती विणीचे अस्तर असते, अगदी पलंगाच्या निवारीसारखे. ते मी स्वतः हातात घेऊन पाहिले.

ठिणगीसाठी चार लाकडी पेट्या आहेत. गाडी सुरू झाली की त्या भुंग्यासारख्या गुणगुणतात. बेअरिंगे आजच्यासारखी तयार मिळत नाहीत. पांढरा मिश्रधातू वितळवून जागच्या जागी ओतावा लागतो आणि मग हाताने खरडून बरोबर बसवावा लागतो. हे काम जाणणारे कारागीर पुण्यात अजून आहेत, परंतु त्यांचे केस पांढरे झाले आहेत आणि त्यांची मुले दुसऱ्या धंद्यात गेली आहेत. काही सुटे भाग परदेशातून टपालाने मागविले. शंभर वर्षांपूर्वीच्या गाडीचे भाग आजही तेथे नव्याने तयार होतात, हे ऐकून मी थक्क झाले.

चाके लाकडी आरांची. मूळ आरे अमेरिकेतील हिकरी नावाच्या झाडाचे, ते येथे कोठून मिळणार? तेव्हा आमच्या ओळखीचे सुतारमामा पुढे झाले. त्यांच्या वडिलांनी जन्मभर बैलगाड्यांची चाके केली. मामांनी आरा हातात घेऊन वजन पाहिले, तिरपा धरून नजर लावली आणि म्हणाले, "बाभळीचं करू. बाभूळ दगडावर आपटली तरी तुटत न्हाई." चार वर्षे वाळलेली बाभूळ त्यांच्याकडे होती. बैलगाडीच्या तुंब्यात आरे ठोकणाऱ्या हातांनी मोटारीच्या चाकात आरे ठोकले. यंत्र परदेशचे असले तरी चाकाची विद्या आमच्या गावात होती, याचा मला फार अभिमान वाटला.

आणि आता आपल्या मंडळाचा भाग! टपाचे कापड शिवावयाचे होते. पुण्यातील एका दुकानदाराने जी किंमत सांगितली ती ऐकून मी वही मिटली. आपल्या शिवणवर्गातील भगिनींना ही गोष्ट कळताच त्या म्हणाल्या, "नऊवारीचे ब्लाउज शिवतो, शाळेचे गणवेश शिवतो, मोटारीला काय एवढे?" जुन्या टपाच्या चिंध्या आम्ही टाके उसवून सुट्या केल्या, इस्त्री करून कागदावर ठेवल्या आणि खडूने आखून नमुने काढले. नवे जाड कापड घरच्या मशिनीला आवरेना, सुया मोडू लागल्या. तेव्हा चपला शिवणाऱ्या एका काकांकडून आरी आणली आणि कोपऱ्यांचे टाके हातानेच घातले. आसनांत काथ्या भरला. पाच जणी पंधरा दुपारी बसल्या होत्या. आज तो टप पावसात एक थेंब गळत नाही. माझ्या स्वयंपाकघराविषयी मात्र असे म्हणता येत नाही.

शिवता शिवता मी त्यांना बर्था बेंझ या बाईंची गोष्ट सांगितली, ती येथेही सांगते. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी पेट्रोलवर चालणारी मोटार तयार केली, परंतु ती कोणी विकत घेईना. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बर्था, पतीला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन ती मोटार मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर दूर असलेल्या आपल्या माहेरी घेऊन गेल्या. मोटारीने केलेला हा पहिला लांबचा प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या सुईने मोकळी केली. तार उघडी पडली तेथे मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन औषधांच्या दुकानातून घेतले. ब्रेक झिजले तेव्हा चर्मकाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. म्हणजे मोटारीचा पहिला मोठा प्रवास एका बाईने, सुई आणि बंद यांच्या बळावर, माहेरच्या ओढीने केला. मग आमच्या शिवणवर्गाने टप शिवला यात नवल ते काय? आपल्या देशात मोटार चालविणारी पहिली स्त्री म्हणून जे. आर. डी. टाटा यांच्या मातोश्री सुझान यांचे नाव घेतात. १९०५ सालची ती गोष्ट.

परंतु त्या काळी मोटार सुरू करण्यास हँडल मारावे लागे आणि ते काम धोक्याचे होते. इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडावयाचे. आमचे मिस्त्री मला शिकविताना म्हणाले, "अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हँडलला वेढायचा नाही." १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर सुरू होणारी योजना बसविली, तेव्हा कोठे हा धोका टळू लागला. आमच्या गाडीला ती नाही. होय, मी हँडल मारते. तिसऱ्या फेरीला गाडी सुरू होते.

आता सासूबाईंविषयी. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. त्या आज नव्वदीच्या घरात आहेत. नजर मंदावली आहे, पण आठवण लख्ख आहे. मोटार आली त्या दिवसापासून त्या तिच्या जवळ गेल्या नाहीत. तुळशीला पाणी घालताना सुद्धा वळसा घालून जात. आम्हांला वाटे, वयाचा हट्ट. मोटार जवळ जवळ पुरी झाली तेव्हा ह्यांनी पुढे लावण्यासाठी पितळेची एक पट्टी करून आणली. तीवर कोरले होते, 'जुने ते सोने'. ह्यांनी ती आत्यांच्या हातात दिली आणि वाचून दाखविली. आत्यांनी ती परत दिली आणि म्हणाल्या, "सोनं म्या बगितलंय रं बाबा. त्याच गाडीपायी गेलेलं."

मग त्यांनी जे सांगितले ते त्यांनी आजवर कोणालाच सांगितले नव्हते. १९४७ च्या पावसाळ्यात त्या अकरा वर्षांच्या होत्या. त्यांचे माहेर याच रस्त्यावरचे. त्यांची आई बाळंतपणात अडली. दोन रात्री गेल्या, सुईणीने हात टेकले. पुण्याच्या दवाखान्यात नेल्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यांचे वडील रस्त्यावर धावले. तेथे टपाची एक सर्व्हिस मोटार उभी होती. मोटारवाला म्हणाला, माणसे भरल्याशिवाय निघणार नाही. निघावयाचे असेल तर सगळ्या गाडीचे भाडे द्या. एवढे पैसे घरात नव्हते. वडील आईच्या हातातील पाटल्या उतरवून सावकाराकडे गेले. परत येतात तो माणसे भरली होती आणि मोटार निघून गेली होती. पुढची मोटार येईपर्यंत दुपार झाली. चाळीस किलोमीटरचा रस्ता, मध्ये दोनदा चिखलात रुतली. आत्यांची आई वाचली. बाळ वाचले नाही. मुलगा होता.

"मला भाऊ न्हाई, ते तवापासनं," एवढेच बोलून आत्या उठल्या.

त्या रात्री आमच्या घरात कोणी फारसे बोलले नाही. मी पुष्कळ विचार केला. तो मोटारवाला दुष्ट होता असे आत्या सुद्धा म्हणत नाहीत. त्यालाही पेट्रोल विकत घ्यावयाचे होते, घरी पोरे होती. परंतु वेळ ठरलेली नाही, भाडे ठरलेले नाही, गाडी निघणार की नाही ते मालकाच्या मर्जीवर, अशी ती रीतच होती. ज्याच्याजवळ पैसा त्याची गाडी. आम्ही त्या मोटारीचे पितळ घासून चकचकीत करीत होतो आणि तिच्या काळाला सोने म्हणत होतो. ते सोने कोणाच्या हातातून उतरले होते, हे विचारावयाचे आम्हांला सुचले नव्हते.

त्यानंतर वर्ष सुद्धा झाले नव्हते, तोच १९४८ सालच्या १ जून रोजी आपल्या याच पुणे-अहमदनगर रस्त्यावरून राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. (अहमदनगरला आता अहिल्यानगर म्हणतात.) चालक होते किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. गाडी बेडफर्ड कंपनीची, अंग लाकडी, रंग निळा आणि वर रुपेरी, आसनांत काथ्या. आम्ही आमच्या मोटारीत जो भरला तोच! पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर महामंडळालाही महाराष्ट्राचे नाव मिळाले. आज एस. टी. म्हटले की आपण तक्रारी सांगतो: गाडी उशिरा आली, खिडकी बंद होत नाही, फलाटावर सावली नाही. तक्रारी खऱ्याच आहेत. परंतु आत्या एस. टी.चे नाव निघाले की हात जोडतात. "ती गाडी मान्सं भरायची वाट बगत न्हवती. भाडं समद्यास्नी येकच." ठरलेली वेळ आणि ठरलेले तिकीट म्हणजे गरिबाच्या घरच्या बाईला मिळालेला केवढा मोठा हक्क होता, हे मला त्या दिवशी समजले. सावकाराकडे न जाता, कोणाच्या पाया न पडता, बाई दवाखान्यात जाऊ शकली, शाळेत जाऊ शकली, माहेरी जाऊ शकली. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढील माणसांना एस. टी.चा प्रवास मोफत झाला आणि १७ मार्च २०२३ पासून आपणा सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. त्यामागेही १९४८ चा तोच विचार आहे, असे मला वाटते.

ह्यांनी ती पितळी पट्टी कपाटात ठेवून दिली. आणखी एक गोष्ट केली. उजव्या मडगार्डला एक खोल पोचा होता, तो ठोकून काढून वर नवा रंग द्यावयाचा होता. तो ह्यांनी तसाच ठेवला. जुन्या मोटारी जपणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संस्था १९६६ पासून आहे. तिने ट्युरिन शहराच्या नावाने एक सनद केली आहे, तिचा सांगावा असा की जुनी गाडी नव्यासारखी करण्यापेक्षा तिच्यावर काळाच्या ज्या खुणा आहेत त्या होता होईल तो राखाव्यात. आम्ही मात्र ते त्या सनदेवरून नव्हे, आत्यांवरून शिकलो. यंत्र दुरुस्त करता येते. काळ दुरुस्त करता येत नाही. आणि तो फार देखणा होता असा आवही आणू नये.

सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या मोटारींसाठी वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, खाजगी वापराची, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी असेल तर तिला 'व्ही. ए.' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षांची. मात्र अशी गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याने चालविता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यासाठीच रस्त्यावर काढावयाची. म्हणजे ज्या मोटारीने भाड्यासाठी अडवणूक केली, तिला आता भाडे घेण्याची कायद्यानेच बंदी! हे वाचून दाखविले तेव्हा आत्या प्रथमच खळखळून हसल्या.

कागदपत्रे पुरी झाली तेव्हा बाहेर काढण्याचा दिवस कोणता, असे ह्यांनी आत्यांनाच विचारले. त्या म्हणाल्या, "एस. टी.चा दिस." म्हणून १ जूनची पहाट ठरली. निमित्त होते आपल्याच मंडळाच्या आवारातील प्रदर्शनाचे. मोठ्या रस्त्यावर आता मालमोटारींची इतकी रीघ असते की आमच्या म्हातारीचा तेथे निभाव लागावयाचा नाही. तेव्हा उजाडण्यापूर्वी गावातल्या रस्त्याने जावयाचे होते. मी हँडल मारले. भुंगे गुणगुणले, इंजिन धडधडू लागले. ह्यांनी दिवे लावले. या गाडीच्या दिव्यांचा उजेड इंजिनाच्या वेगाबरोबर कमीजास्त होतो, त्यामुळे सगळे अंगण श्वास घेत आहे असे वाटत होते. शिवणवर्गातील भगिनी टपाखाली बसल्या. पुढचे आसन रिकामे ठेवले होते.

आत्या काठी टेकीत आल्या. मडगार्डवरच्या पोच्यावरून त्यांनी हात फिरविला. मग पायफळीवर पाय ठेवून आत बसल्या आणि पदर सावरून लेकाला विचारले, "ही गाडी कवा निघायची?"

हे म्हणाले, "तू म्हणशील तेव्हा, आई."

आत्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग निगू दे."

गाडी निघाली. माणसे भरण्याची वाट तिने पाहिली नाही. देवळाच्या वळणावर मी मागे पाहिले तो सुतारमामा आपल्या बाभळीच्या चाकांकडे टक लावून उभे होते. मंडळाच्या दारात पोहोचल्यावर आत्या उतरल्या आणि म्हणाल्या, "गाडी चांगलीये. पर पुण्याला म्या एस. टी.नंच जानार."

भगिनींनो, जुन्या वस्तू जपाव्यात, त्यांच्यामागची कारागिरी जपावी, असेच मला वाटते. परंतु वस्तू जपताना तिच्यात बसलेल्या माणसांची आठवणही जपावी आणि जिला तीत बसता आले नाही, जी रस्त्याच्या कडेला ताटकळली, तिची तर आधी जपावी. आपल्या घरोघरी अशा आत्या आहेत. त्या आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत मला प्रत्येकीच्या घरची अशी एक हकिगत वाचावयाची आहे.

जाता जाता एक सांगावयाचे राहिले. यंदा पावसाळ्यापूर्वी आमच्या स्वयंपाकघरावर स्लॅब पडला. ह्यांनी आपणहून टाकून दिला. त्या खर्चाची नोंद मी मोटारीच्याच वहीत, शेवटच्या पानावर केली आहे.